सव्वा मूठ

२१ ऑगस्ट १९८८, रविवार

आज घरात श्रावणातली कानबाई देवी बसली. काल वहिनीने रोटाचे गहू मोजले — घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. लीलाधरभाऊची सव्वा, दोन्ही भाच्यांची सव्वा-सव्वा. मी दारातच उभी राहिले. त्या पिठाचा रोट, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची पोळी, फक्त घरच्यांनी खायचा. लग्न झालेल्या मुलीला चालत नाही.

वहिनीने माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या केल्या. गरम, वर तूप. गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी सगळ्यांत आधी माझ्या ताटात. तिचं काही चुकत नाही. माहेरचं कूळ लग्नात सुटलं, सासरचं मी एदलाबादहून परत आले तेव्हा सुटलं. सात वर्षं झाली. दर वर्षी या दिवशी मी अर्धी पोळी ताटात ठेवते आणि दर वर्षी म्हणते, पोळी जरा कोरडी झाली. वहिनी म्हणते, उद्या जास्त तूप घालते.

२२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी विसर्जनाआधी कमलच्या घरची कानबाई बघायला गेलो. पाची जणी. एकदा नीट लिहून ठेवते, म्हातारपणी विसरायला नको. शेवंताबाई — एक्केचाळीस वर्षांच्या, मुलगी नववीत. तिच्याआधी मी दहावी होणार म्हणतात. बेबाबाई — फारशी बोलत नाही, अक्षर मात्र असं की बघत राहावं. ताईबाई — एकोणीस वर्षांची, नुसती खिदळते. कमल — पंचवीस, धुळ्याकडची, साक्रीजवळची. नवरा भटू लाकडाच्या वखारीत, सासू भिकुबाई, मुलगी तीन वर्षांची. आणि मी, कुंदा, वय बत्तीस. सगळ्या एकाच डाळ मिलमध्ये तूरडाळ निवडतो. चौघींनी बाहेरून दहावीला बसायचं ठरवलंय, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मी गटाची प्रमुख. कारण मी दहावी पास. म्हणून सगळ्या मला अक्का म्हणतात.

मागच्या वर्षीचा गट तीन महिन्यांत फुटला. एकीला नवऱ्याने बंद केलं, दुसरी नुसतीच यायची थांबली. त्याची धास्ती मनात होती. म्हणून आज कानबाईसमोर एकदम बोलून गेले — शपथ घेऊ या! दोनच गोष्टी. एकमेकींशी खोटं बोलायचं नाही. परीक्षा होईपर्यंत गट सोडायचा नाही. पाटावरच्या नारळाकडे हात करून आधी मी म्हटलं, मग एकेकीने. कमलचा आवाज कापत होता. भिकुबाई मागे उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

घरी येताना फार छान वाटलं. आता माझ्या बाया कुठे जात नाहीत!

२३ ऑगस्ट

काल लिहायचं राहिलं. राहिलं कसलं — टाळलं.

मी दहावी पास नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये बसले, गणितात गेले, आठ मार्कांनी. मार्कशीट घेऊन शाळेतून आले तर दारात भाऊ, वहिनी, शेजारच्या दोघी. भाऊच्या हातात पेढ्यांचा पुडा आधीच! काय झालं म्हणाला. मी म्हटलं, झाले पास. दोन शब्द. पेढा तोंडात होता म्हणून रडू दिसलं नाही.

मार्कशीट ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. किल्ली माझ्या गळ्यात. आणि काल कानबाईपुढे पहिली शपथ कोणी घेतली — मी!

५ सप्टेंबर, सोमवार

आमची शाळा दोन ठिकाणी. दिवसभर मिलमध्ये — हात सुपात, तोंडात धडा. एकीने प्रश्न टाकायचा, ओळीतल्या पुढचीने उत्तर द्यायचं. हाताला खडे लागतातच, जीभ रिकामी कशाला ठेवायची? अभिमन मुकादम आधी ओरडायचा. आज ताईबाईने सत्तावन्नचा उठाव पंचावन्न साली केला, तर तो लांबूनच म्हणाला, सत्तावन्न! आणि पोत्यामागे गेला.

संध्याकाळी तासभर शेवंताबाईंच्या ओट्यावर. जिला जे येतं तिने ते शिकवायचं, असा नियम केलाय. बेबाबाई निबंध, मी इतिहास-भूगोल आणि थोडं इंग्रजी. गणित शेवंताबाईंकडे. त्यांना वडिलांनी पावकी, निमकी, सव्वायकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेतलेले. अपूर्णांक त्या डाळीवर शिकवतात, मूठभर डाळीचे वाटे करून. सगळ्या म्हणाल्या, अक्काने किती शहाणपणाने कामं वाटली. अक्काने इतिहासाचं पुस्तक उघडलं.

२ ऑक्टोबर

हजेरीची वही केली. लाल शाईने रेघा. महिनाभरात एकही खाडा नाही! भाऊला दाखवली. म्हणाला, फॅक्टरीत आमच्या साहेबालासुद्धा हे जमत नाही.

१८ ऑक्टोबर

ताईबाई अंगात ताप घेऊन आली. डोळे लाल. घरी जा म्हटलं तर जाईना. म्हणाली, शपथ आहे ना. मी तिच्या नावापुढे हजर लिहिलं. लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

कमल दिवाळीला माहेरी गेली ती भाऊबीज झाली तरी नाही आली. भटूकडे निरोप विचारला. म्हणाला, ती म्हणते आता परीक्षा नको, घर आणि मुलगी पुरे. मला राग आला. खरं लिहायचं तर — फार आला. शपथ घेतलेली बाई! तिच्या नावापुढे लाल फुल्या, रोज एक. बेबाबाई त्या फुल्या बघते आणि नजर वळवते.

१ डिसेंबर

कमलच्या मुलीला टायफॉइड. धुळ्याला दवाखान्यात आहे, दहा दिवस झाले. भटू आज रात्रीच्या गाडीने गेला. मला सांगताना त्याचा चेहरा बघवला नाही.

वहीतल्या फुल्या खोडून काढल्या. कागद फाटला.

१२ डिसेंबर, सोमवार

मुलगी बरी आहे. नुसती हाडं राहिलीत, पण हसते. कमल परत आली. मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले. मुलीने एक लाडू दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. मी म्हटलं, कमल, उद्यापासून ये. गेलं ते गेलं. फॉर्म तर भरलेलाच आहे.

ती जागची उठलीच नाही. हळूच म्हणाली, "अक्का, मी शपथ मोडी आन पोर आजारी पडनी. आते परत ऊनू, आन परत एक दिन चुकना ते?"

परत येऊन एक दिवस जरी खाडा झाला तर, याचीच तिला भीती. भिकुबाई चुलीपाशी होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, शपथ तू घ्यायला लावलीस बाई. आता पुस्तकं या घरात नकोत.

खरं आहे. मीच लावली. आपण आलो नाही म्हणून पाप लागलं असं कमलला वाटतं, ताईबाई तापातही येते, बेबाबाईचा बाप आजारी असताना ती माझ्यासमोर बसून निबंध शिकवत होती — आणि मी वहीत शंभर टक्के हजेरी लिहून फुशारत होते! माझ्यावर जीव आहे म्हणून येतात असं वाटायचं. त्या तर भीतीने येत होत्या. मी माणसं जोडली नाहीत, बांधून ठेवली.

रडले. वहिनीने विचारलं तर कांद्याचं सांगितलं. कांदा घरात नव्हता.

२० डिसेंबर

हजेरीची वही चुलीत घातली. भाकरी नेहमीसारखीच झाली.

आज मिलमध्ये सगळ्यांना सांगितलं — शपथ मी मागे घेतली, जिला जमेल तिने यावं. ताईबाई घाबरून म्हणाली, अशी परत घेता येते का अक्का? देवापुढची? शेवंताबाई नुसत्या डाळ पाखडत राहिल्या.

नाही येत परत घेता. तिचं बरोबर आहे.

१ जानेवारी १९८९, रविवार

नवं वर्ष. कमलकडे तिसऱ्यांदा गेले. समजावून सांगितलं, टायफॉइड पाण्यामुळे होतो, विज्ञानाच्या पुस्तकात धडाच आहे. ती म्हणाली, माहेरचं तेच पाणी मी लहानपणापासून प्याले अक्का. मग मला का नाही झाला?

एकच गोष्ट अशी आहे की जी ऐकून तिची भीती जाईल. ती माझ्या ट्रंकेत आहे.

पण ती सांगितली तर? प्रमुख कसली राहणार मी? मिलमध्ये तोंड कसं दाखवायचं? भाऊने वाटलेले पेढे आहेत. वहिनी आहे. सहा वर्षं या घरात मी नवऱ्याने टाकलेली होते. गेले दीड वर्ष 'दहावी झालेली' आहे. शेजारणी पत्र वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. बसायला पाट देतात.

नको. दुसरं काहीतरी सुचेल.

८ जानेवारी

सुचलं नाही.

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

उद्या कमलच्या घरी तिळगूळ द्यायला जायचं सगळ्यांनी ठरवलंय. मी तिळाच्या वड्यांच्या डब्यात खाली मार्कशीट ठेवली. काढली. परत ठेवली. शालूला आता नुसता कापराचा वास आहे.

१५ जानेवारी, रविवार

सगळं लिहिते. अक्षर कसंही येवो.

चार वाजता गेलो. भिकुबाईंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, मलाही. कमल मुलीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात. वड्या वाटून झाल्या आणि डबा रिकामा झाला. आता खाली तो कागद आणि वर मी. म्हटलं, मला बोलायचंय.

आणि बोलले. मी पास नाही. गणितात गेलेय. सगळ्यांना खोटं सांगितलं — भावाला, तुम्हाला, मिलमध्ये. आणि याच घरात, कानबाईसमोर, खोटं बोलणार नाही ही शपथ पहिली मी घेतली, ती घेतानाच मोडलेली होती. कमल, तू दोन महिने मोडलीस. मी पाच महिने रोज मोडतेय. माझे भाचे धडधाकट आहेत. भाऊला साधी शिंक आली नाही. मला तर एकदा डोकंसुद्धा दुखलं नाही. कानबाई मला काही बोलली नाही, तर ती तुझ्या तीन वर्षांच्या मुलीकडे कशाला जाईल?

 ताईबाईचा तिळगूळ हातातच राहिला. मला वाटलं, संपलं. उठून जावं, ट्रंक घेऊन असोद्याच्या आमच्या जुन्या, बंद घरी जावं.

भिकुबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला. त्यांना वाचता येत नाही. उलटा-सुलटा करून पाहिला, आणि कमलच्या हातात दिला. म्हणाल्या, "वाच."

कमलने वाचलं. मराठी. हिंदी. इंग्रजी. एकेक विषय, एकेक आकडा, मोठ्याने. गणितापाशी थांबली. मग तेही वाचलं. त्या घरात महिन्याभरानंतर पहिल्यांदा तिच्या हातात छापील कागद होता. आणि वाचत होती काय — माझी नापासाची मार्कशीट!

भिकुबाईंनी कागद परत माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "खोटं तू बोलनी, आन ताप मनी नातले? असा न्याय नही करस कानबाई." आणि उठून चहा टाकायला गेल्या. कमल मुलीच्या डोक्यात तोंड घालून रडली. बेबाबाईही रडली.

निघताना शेवंताबाई माझ्याबरोबर चालत आल्या. मी म्हटलं, बाई, माझ्या तोंडावर थुंका. त्या म्हणाल्या, "मले दिवायीपासूनच माहीत व्हतं, कुंदा. अपूर्णांक आले का तुही पेन्सिल खाली पडे." मग सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, तुला सांगायचं होतं तेव्हा तू सांगणार होतीस. मी कशाला घाई करू?

कळूनही त्या रोज आल्या. माझ्याच शेजारी बसल्या. मला गणित समजावं म्हणून एकेक उदाहरण दोनदा करून दाखवत होत्या, आणि मी समजत होते की ताईबाईसाठी.

१६ जानेवारी

घरी सांगितलं. भाऊ चप्पल घालून बाहेर गेला. वहिनी म्हणाली, पेढे तरी चांगले होते. आणि मग, भांडी घासता घासता, पाठ माझ्याकडे करून — दीड वर्ष एकटीने कसं ठेवलंस गं हे पोटात?

१७ जानेवारी, मंगळवार

मिलमध्ये अभिमन मुकादमालाही कळलंय.  दुपारी लांबूनच प्रश्न टाकला — तीन पंचमांश अधिक एक दशांश? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी डाळीचे वाटे केले. सात दशांश, म्हटलं. बरोबर आलं!

१८ जानेवारी

कमल आली. ओट्यावर मुलीला घेऊनच बसली. मुलगी शेवंताबाईंची डाळ खाते, कच्ची.

मी म्हटलं, आता दुसरी कोणीतरी प्रमुख निवडा.  ताईबाई म्हणाली, अक्का, भूगोलाचं पान कितवं?

८ मार्च, बुधवार

परीक्षा सुरू. माझा फॉर्म भरायची मुदत कधीच गेली होती. मी शाळेच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसते, चौघींचे डबे आणि कमलची मुलगी घेऊन. आत घंटा झाली की मी उठून फाटकापाशी जाते. माझ्या परीक्षेच्या वेळी एवढी धास्ती नव्हती. पेपर सुटल्यावर कमल आधी मुलीचं कपाळ बघते, मग मला सांगते कसा गेला.

१४ मार्च

गणित. शेवंताबाई बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, सव्वायकी विचारलीच नाही मेल्यांनी.

२० जून, मंगळवार

निकाल. शेवंताबाई पास! बेबाबाई पास! कमल पास! ताईबाई इंग्रजीत गेली — माझाच विषय. तिच्यापुढे मान वर होईना. ती म्हणाली, आता तू आणि मी ऑक्टोबरला जोडीने जाऊ अक्का, तुला सोबत झाली.

भाऊने संध्याकाळी एक कागद पुढे ठेवला. ऑक्टोबरचा फॉर्म. आणलेला कधीचा होता, घडीवर धूळ. मला नाव लिहायला पेन दिलं आणि म्हणाला, यंदा पेढे निकालानंतर.

२६ जून

मला वाटलं होतं आता तिघी येणार नाहीत. त्यांचं काम झालं, शपथही उरली नाही, वही जळाली. साडेपाचला ओट्यावर गेले तर तिघी आधीच बसलेल्या. शेवंताबाईंच्या पुढ्यात डाळीचे वाटे. कमल म्हणाली, अक्का आणि ताईबाईचं होईपर्यंत गट चालू. कोणी हात पुढे केला नाही, कोणी नारळ मागितला नाही. मी पदर तोंडाला लावून बसले आणि पहिलं उदाहरण चुकवलं.

२ ऑगस्ट

बैजिक राशी. डोकं फिरतं. शेवंताबाईंनी क्ष म्हणजे पोत्यातली न मोजलेली डाळ असं सांगितलं. आता जरा कळतंय. माणसाला इतक्या प्रेमाने कोणी नापास झाल्यावर शिकवतं का?

१२ ऑगस्ट, शनिवार

वहिनी उद्याच्या कानबाईचे गहू मोजतेय. मी बाहेर येऊन बसले. उद्या परत त्या वेगळ्या पोळ्या. असू दे.

कमल निरोप देऊन गेली. सासूने उद्या दुपारी बोलावलंय, कामाला हात लावायला असेल. भांडी घासायची साडी काढून ठेवली.

१३ ऑगस्ट १९८९, रविवार

पाट मांडलेले होते. भटूचा, त्याच्या वडिलांचा, कमलच्या धाकट्या दिराचा. चौथा रिकामा. मी पदर खोचून चुलीकडे निघाले तर भिकुबाईंनी हाताला धरून त्या पाटावर बसवलं आणि रोट ताटात वाढला. मी म्हटलं, भिकुबाई, हा घरच्यांचा. पुरुषांच्या नावाचा. मला नाही चालत.

त्या म्हणाल्या, "तुना नावनी सव्वा मूठ टाकेल शे. मूठ मनी शे. कोना नावनी टाकानी, ते मी ठरावसू."

जेवले.